बोटीचं लोणचं

माझं फडताळ तुम्ही तिघा नातवंडांनीही पाहिलेलं आहे. डावीकडे खारातल्या कैऱ्यांची बरणी, तिच्या शेजारी बिमलं या आंबट हिरव्या फळांचं लोणचं, मग कोकमाच्या आगळाची बाटली, मग सोलं, मग लसूण घातलेली सुक्या खोबऱ्याची चटणी, आणि अगदी उजव्या कोपऱ्यात, इतरांना वास लागू नये म्हणून हातभर लांब, सुक्या सुंगटांचा डबा. सुंगटं म्हणजे कोळंबी; हे नीलसाठी. प्रत्येकीला स्वतःचा चमचा, प्रत्येकीचं तोंड फडक्याने बांधलेलं. शेजारच्या सुलभावहिनी मागच्या दाराने आल्या की आधी फडताळाकडे बघतात आणि मग माझ्याकडे. "बाई, आज हजेरी घेतलास काय बरण्यांची? कोण गैरहजर?"

सावंतवाडीच्या शाळेत मी इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं की आता मालवणात एकटी राहूनही माझ्या घरात प्रत्येक वस्तू आपापल्या बाकावर बसते. मला ते बरं वाटतं. पण गेल्या काही आठवड्यांत सुलभावहिनींचा तो प्रश्न मला थट्टेचा वाटेनासा झाला आहे. खरंच कोणी गैरहजर आहे का? मी फडताळासमोर उभी राहते आणि डावीकडून उजवीकडे बघत जाते. सगळ्या आहेत. तरी कुठेतरी एक जागा रिकामी वाटते, आणि तिथे काय होतं ते आठवत नाही.

हे सुरू झालं रिबेकाच्या फोनने. तिला दिवस गेले आहेत हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पोटात अन्नाचा कण ठरत नाही, हे तिने नील आणि ताराला सांगितलं नसेल. थोरल्या भावंडाला धाकट्यांना असं सांगायला आवडत नाही. फोनच्या पडद्यावर तिच्या गालांची हाडं दिसत होती. डॉक्टरीण म्हणते की काहीही खा, पण खा. आणि तिला पाव नको, फळ नको, सूप नको.

"आजी," ती म्हणाली, "मला ते बोटीचं लोणचं पाहिजे."

"कुठलं गं?"

"बोटीचं. तू मला द्यायचीस ना, मागच्या पडवीत, पेजेबरोबर. मला फक्त तेच खावंसं वाटतं. रात्री झोपेत पण मला त्याची चव येते."

"कसं होतं ते?"

"लाल. आंबट. खूप तिखट, मी रडायची आणि परत मागायची."

"त्याला वास कसला होता?"

"तुझा," ती म्हणाली.

मी आणखी विचारणार होते, त्यात सुंगटं होती का, ते बरणीतून यायचं का, पण तिने तोंडावर हात धरला आणि ती मोरीकडे पळाली. पडद्यावर नुसती तिची खुर्ची राहिली.

रिबेकाचं मराठी आमच्याकडच्या उन्हाळ्यांत शिकलेलं आहे. तिचं दूध 'ती' असतं, तिची चपाती 'तो' असतो, आणि समुद्राला ती लहानपणी 'माझी समुद्र' म्हणायची. दुसऱ्यांच्या मुलांचं इंग्रजी मी आयुष्यभर तांबड्या शाईने दुरुस्त केलं. तुम्हा नातवंडांचं मराठी मात्र दुरुस्त करायचं नाही, असं मी पहिल्याच उन्हाळ्यात ठरवलं होतं. चुका काढल्या की मुलं बोलायची थांबतात, हे मी वर्गात पाहिलं होतं. म्हणून तिचं बोलणं मी जसं येईल तसं घेते. 'बोटीचं' म्हणाली, मी 'बोटीचं' ऐकलं.

आणि बोटीचं लोणचं म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट येते.

माझे पपा बोटीवर होते. आमच्याकडे एवढं सांगितलं की नोकरीचं सगळं सांगून होतं. कुठली बोट, काय काम, कुठे जाते, हे कोणी विचारत नसे. पावसाळा सरून मालवणच्या बंदरात मुंबईची बोट पुन्हा लागायला लागली की पपांची ट्रंक उघडायची, आणि ट्रंक उघडली की माय पाटा धुवून उन्हात वाळत टाकायची. बोटीच्या लोणच्याला पाणी वर्ज्य. उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली सुंगटं ती मातीच्या खापरीत भाजायची, तेव्हा तो वास विहिरीपर्यंत जायचा आणि गल्लीतली मांजरं आमच्या कुंपणावर ओळीने येऊन बसायची. मग सुक्या मिरच्या, लसूण, आलं, जिरं, सगळं माडीच्या, म्हणजे नारळाच्या ताडीच्या, व्हिनेगरात वाटायचं. वाटताना माय बोलत नसे. आम्ही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. आमचे हात सदा ओले.

"पाण्याचो थेंब लागलो," ती सांगायची, "तर पपाक अर्ध्या वाटेर बुरशी खावची लागतली."

मला ते अगदी खरं वाटायचं. भर समुद्रात, चारी बाजूंनी पाणी, आणि पपा ताटावर बसून हिरवी बुरशी खाताहेत. माझ्या ओल्या हातामुळे.

लोणचं तेलावर परतून चिनी मातीच्या पिवळट बरणीत भरलं जायचं. बरणीवर फडकं, फडक्यावर सुतळी, आणि सगळ्यावर पपांच्या जुन्या सदऱ्याचं शिवलेलं आवरण. पपा हसायचे. ते म्हणायचे, "बोटीर सगळा मिळता गो. मास मिळता, लोणी मिळता. पण तोंडाक कायच नाय." तोंडाक म्हणजे तोंडी लावायला. आमच्याकडे भात काय, पेज काय, ती असायचीच; प्रश्न असायचा तो तोंडाक काय आहे हा. सकाळी शेतावरून आलेला माणूसही हात धुता धुता तेच विचारी. जेवलास का, असं विचारल्याचं मला फारसं आठवत नाही. तोंडाक काय केलास?

बरणी भरून झाली की पाट्यावर जे लाल उरायचं त्यावर माय गरम भात घालायची आणि तो भात पाटाभर फिरवून पाटा पुसून घ्यायची. तो पाट्यावरचा भात आमचा. नाक वाहायचं, कान गरम व्हायचे, जीभ बाहेर काढून आम्ही अंगणात धावायचो. बोटीच्या लोणच्यातलं आमच्या वाट्याला तेवढंच. बाकीचं सगळं जायचं.

ती बरणी माझ्याकडे आहे. मायकडून माझ्याकडे कशी आली, कोणी दिली, तेही मला नीट सांगता येत नाही. लग्नाच्या भांड्यांबरोबर आली असेल किंवा नंतर. रिबेकाच्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून ती काढवून घेतली. कडेला एक बारीक तडा, आत कोळ्याचं जाळं. मी नाक आत घातलं. मातीचा गार वास. दुसरं काही नाही.

आता गोंधळ असा, की रिबेकाला मी हे लोणचं कधी दिलं? मी स्वतः ते किती वेळा केलं असेन? पपा बोटीवरून कायमचे घरी आले तेव्हा ते लोणचं बंद झालं. तुमच्या आजोबांना व्हिनेगर चालत नसे. तरीही डोळे मिटले की मला दिसतं: मागची पडवी, लाल सिमेंटची, सकाळचं ऊन अर्ध्यावर आलेलं, रिबेका मांडी घालून बसलेली, केस कापलेले, पुढ्यात पेजेची वाटी, आणि शेजारी ती पिवळी बरणी. अगदी स्पष्ट. मग मी नीट बघते तर पडवीला सिमेंट नसतं, शेणाने सारवलेली जमीन असते, आणि ती मांडी घालून बसलेली मुलगी मी असते. बरणी मात्र दोन्हीकडे आहे. ती मी एका पडवीतून उचलून दुसऱ्या पडवीत नेऊन ठेवली असेल का? माणूस असं करू शकतो का?

सुलभावहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांना त्यात काही कोडं दिसलं नाही.

"डोहाळे ते. पोटातला मागता, तेका नाय म्हणू नये. करा आणि धाडून देवा."

"अहो, पण तेच लोणचं की दुसरं, ते मला आठवत नाही."

"तुमका आठवना नाय? तुमका?" त्या खुर्चीत मागे रेलल्या. "आता माका भय नाय. मी काल चष्मो लावून चष्मो सोधी होतंय."

मी हसले. पण त्या गेल्यावर मी फडताळाकडे गेले आणि प्रत्येक बरणीपुढे उभी राहून मनात विचारलं: तू होतीस का?

कैऱ्यांची बरणी बघितली आणि चैत्र आला. वाऱ्याने पडलेल्या कोवळ्या कैऱ्या, अजून कोयही न धरलेल्या, आम्ही परकरात गोळा करायचो. देठाचा चीक मनगटावर लागून काळे डाग पडायचे. शाळेत मास्तर विचारायचे, हे काय? मिठाच्या थरात कैऱ्या रचायच्या, वर नदीतला गुळगुळीत दगड ठेवायचा. आठवड्याने दगड बुडालेला असायचा. कैऱ्यांच्या अंगातलंच पाणी. त्या सुरकुतून म्हाताऱ्यांसारख्या व्हायच्या, आणि मग वर्षभर टिकायच्या. ही रिबेकाची असेल का? पण ती लाल नव्हे. हिरवट, पुढे मातकट.

बिमलांचं लोणचं मी तुम्हाला दिल्याचं आठवतं, पण तारा ते थुंकायची आणि रिबेका थुंकलेलं बघून हसायची. आगळ लाल आहे, आंबटही आहे, पण तिखट नाही. आगळाचे दिवस आठवले की मला आमच्या सगळ्यांच्या जांभळ्या तळव्यांची आठवण येते. वैशाखात रातांबे, म्हणजे ओली कोकमं, फोडायला बसलो की माय, पपांची बहीण आतू, मी आणि माझे भाऊ, आमचे हात एकाच रंगाचे व्हायचे. रविवारी चर्चमध्ये हात जोडले की बाकांच्या ओळीने जांभळे हात दिसायचे, आणि कोणाच्या घरी किती रातांबे निघाले हे प्रार्थनेआधीच कळून जायचं. तुम्ही आलात तेव्हा मी बाजारातून आगळ आणत होते. तुमचे हात पांढरे होते.

सुंगटांची किसमूर, खोबरं आणि कांदा घातलेली? ती ईस्टरच्या आधीच्या उपवासांत, मांस बंद असताना. तुम्ही नेहमी मे महिन्यात यायचात.

अशी मी एकेकीला विचारत गेले आणि प्रत्येक बरणी मला भलतीकडे घेऊन गेली. ज्या ठिकाणी जायचं होतं तिथे एकीनेही नेलं नाही. शेवटी राहिली ती माळ्यावरचीच. नावही तेच, रंगही तोच. दुसरं काही असणंच शक्य नाही, असं मी ठरवून टाकलं. ठरवलं की मला बरं वाटतं.

मग मी बोटीचं लोणचं केलं. बाजारात मासळीच्या ओट्यामागे सुकी मासळी विकणाऱ्या बाया बसतात, त्यांच्याकडून निवडून सुंगटं आणली. माडीचं व्हिनेगर मिळायला दोन ठिकाणी निरोप ठेवावा लागला. पाटा आता मला उचलत नाही. मिक्सर वाळवला, पुसला, पुन्हा उन्हात ठेवला. घरात वास भरला. तो वास आला आणि मी स्वयंपाकघरात मधोमध थांबले, डाव हातात तसाच. त्या वासाला रंग होता, बंदरावरच्या सकाळचा. बोट धक्क्याला लागत नसे. लांब पाण्यात उभी राहायची आणि माणसं होडीतून तिच्यापर्यंत जायची. ट्रंक पायाशी, बरणी मांडीवर. पपांनी दोन्ही हातांनी बरणी धरलेली असायची, म्हणून ते आम्हाला हात हलवत नसत. होडी लहान होत जायची. त्यांच्या मांडीवरचा पांढरा ठिपका शेवटपर्यंत दिसायचा, तोंड आधीच दिसेनासं झालेलं असायचं.

आम्ही घरी यायचो तेव्हा घरात अजून भाजल्या सुंगटांचा वास असायचा. भिंतीत, गोधडीत, मायच्या केसांत. पण ताटात काही नसायचं.

सुलभावहिनींचा भाचा रिबेकाच्याच शहरात परत चालला होता. त्याने बाटली कपड्यांत गुंडाळून नेली आणि तिच्या नवऱ्याच्या, डॅनियलच्या हातात पोचती केली. मी वाट बघत होते. तिचा फोन आला तो तीन दिवसांनी.

"आजी, सॉरी," ती म्हणाली. ती पांढरी पडली होती. "डॅनियलने झाकण उघडलं फक्त. मी दुसऱ्या खोलीत होते. तरी..." तिने हात हलवला. "त्याला ते खूप आवडलं. तो पावाबरोबर खातो, बाल्कनीत बसून."

"म्हणजे ते नव्हे?"

"ते नाही. त्यात मासे आहेत, आजी. आपल्या लोणच्यात मासे नव्हते."

आपल्या. मी तो शब्द धरून बसले.

"मग काय होतं त्यात?"

"मला माहीत नाही! तुला माहीत आहे ना? तूच करायचीस!" आणि ती रडायला लागली, लहानपणी तिखट लागल्यावर रडायची तशी, फक्त या वेळी तिला काही लागलं नव्हतं. "आजी, तू विसरलीस का?"

मी म्हटलं, "मी बघते." दुसरं काय म्हणणार? सुलभावहिनींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "शिरा पडो त्या बोटीर!" आणि घरी जाऊन माझ्यासाठी घावणे घेऊन आल्या. मी ते तसेच झाकून ठेवले. तुमच्यापैकी कोणी माझ्याकडे आजवर काही मागितलं आणि मी ते कुठे आहे हे विसरले, असं झालेलं नव्हतं. पोर तिथे उपाशी आहे, तिला हवं आहे ते माझ्याच हातून गेलेलं आहे, आणि माझ्याकडे त्याचा पत्ता नाही. वय झालं की असंच जातं का सगळं, आधी एक बरणी, मग दुसरी?

पुढचे काही दिवस मी फडताळ आवरलं नाही. चमचे इकडचे तिकडे झाले, तसेच राहू दिले.

एके सकाळी पेज केली. उकड्या तांदळाची, तुम्हाला 'तपकिरी सूप' वाटायची तीच. माझ्या रक्तदाबामुळे डॉक्टरांनी मीठ तोडलं आहे. कित्येक वर्षं मी पेजेबरोबर अळणी भाजी खाते, चमच्याने. त्या दिवशी भाजी केलेली नव्हती. पेजेची वाटी घेऊन पडवीत बसले तेवढ्यात फोन वाजला. रिबेका. तिच्याकडे रात्र झाली होती, झोप येत नव्हती. मी फोन तांब्याला टेकवून उभा केला.

"बोलायचं नाही काही," ती म्हणाली. "तू जेव. मी बघते."

ती उशीवर डोकं ठेवून पडली होती. मी जेवायला लागले, आणि पेज घशाखाली उतरेना. तोंडाक काही नव्हतं. मी उठले, खारातली एक कैरी काढली, डॉक्टरांची मनातल्या मनात माफी मागून. गॅसवर एक सुकी मिरची धरली, ती फुगून काळी-तांबडी झाली तशी घेऊन आले. थाळीच्या कडेला मिरची चुरडली, त्यावर कैरीचा गर दाबला, खोबरेल तेलाचे चार थेंब सोडले आणि तर्जनीने ते सगळं रगडायला लागले. हे मी करते आहे असं मला वाटतही नव्हतं. मी रिबेकाकडे बघत होते, ती किती वाळली आहे ते. थाळीची कड लाल झाली.

"आजी." ती उठून बसली. "आजी, थांब! हात दाखव. फोनजवळ आण."

"काय गं?"

"तेच! तेच ते! बोटीचं लोणचं!"

"कुठली बोट?" मी वैतागून म्हटलं. "अगं, यात बोट आली कुठून?"

तिने पडद्यावर आपला हात वर केला आणि एक बोट माझ्यासमोर नाचवलं. "ही बोट! ही!"

ही बोट. ती दूध, तो चपाती, माझी समुद्र, ही बोट.

मुलांनो, मी शिक्षिका होते. ती बोट, बोटीचं. ते बोट, बोटाचं. एका कान्याच्या जागी वेलांटी. इयत्ता दुसरी.

आम्ही दोघी किती हसलो ते सांगत नाही. सुलभावहिनी कुंपणावरून डोकावल्या. पण हसता हसता मला एक आवाज ऐकू आला, आणि तो हसण्याच्या खालून बराच वेळ येत असावा. बंदरावरून परत आल्यानंतरची सकाळ. सारवलेली पडवी. पेज माझ्यासमोर, आणि मी तोंड फिरवून बसलेली. घरभर सुंगटांचा वास आणि ताटात त्यातलं काहीच नाही. कोणीतरी माझ्या शेजारी उकिडवं बसतं. थाळीच्या कडेला मिरची, कैरी, तेल. एक बोट गोल गोल फिरतं.

"रडतंस कित्याक गो? बोटीचा गेला. आता बोटाचा खा."

आणि ते लाल बोट माझ्या ओठांना लागतं.

ते वाक्य मी पुढे रिबेकालाही म्हटलं असणार, कुठल्यातरी उन्हाळ्यात, तिची आई तिला माझ्यापाशी ठेवून परत गेली त्या सकाळी. ती माझ्या थाळीसमोर तोंड फिरवून बसली असणार. दोन्ही शब्द तिने एका दमात ऐकले आणि त्यातला चुकीचा जपून नेला. असं झालं असेल. मी खात्रीने सांगत नाही. खात्रीने सांगण्याची माझी सवय या महिन्यात मोडली आहे.

"आता सांग," रिबेका म्हणाली. "कसं करायचं?"

"तुझ्याकडे खारातली कैरी कुठे असणार?"

"लिंबू आहे. मीठ आहे. मिरची आहे, सुकी. भात आहे."

"भात पाणी घालून शिजव, अगदी गळेपर्यंत. खोबरेल?"

ती न्हाणीघरातून एक निळी बाटली घेऊन आली.

"ते डोक्याचं गं! खाण्याचं नाही का?"

खाण्याचंही निघालं, कुठल्याशा कपाटातून. डॅनियलने फोन धरला, तिचे दोन्ही हात मोकळे हवे होते म्हणून. त्याला काय चाललं आहे ते कळत नव्हतं, पण बिचारा नीट धरून उभा होता. जाळ नसलेल्या तिच्या स्वयंपाकघरात विजेच्या शेगडीवर मिरची चिमट्यात धरून भाजली गेली, धुराची घंटा वाजली, खिडकी उघडली गेली. माझी पेज कधीच गार झाली होती. बशीच्या कडेला तिने मिरची चुरडली, लिंबू पिळलं, मीठ टाकलं, थेंब थेंब तेल. आणि चमचा घ्यायला हात पुढे केला.

"चमचा नको," मी म्हटलं.

तिने बोट लावलं. आधी भीत भीत, मग जोर लावून, गोल गोल. बशीची कड लाल व्हायला लागली. तिने भाताचा एक घास घेतला आणि बोट तोंडात घातलं.

आम्ही दोघं, मी इथे आणि डॅनियल तिथे, तिच्या तोंडाकडे बघत होतो. तिने डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी आलं. ती मोरीकडे गेली नाही. तिने दुसरा घास घेतला, मग तिसरा, आणि बशीकडे पुन्हा बोट नेलं.

"तेच आहे?" मी विचारलं.

तिचं तोंड भरलेलं होतं. तिने मान हलवली. हो म्हणून की थोडंसं वेगळं म्हणून, ते मला कळलं नाही. मग ती हसली आणि मला भरवल्यासारखं आपलं लाल बोट सरळ फोनवर आणलं. पडदाभर तेच झालं, टोकाशी मिरचीचं एक बी चिकटलेलं, नख थोडं वाढलेलं. तेवढ्यात तिकडचं चित्र अडकलं. आवाज गेला. बोट राहिलं.

मी बघत बसले. ते बोट मी ओळखत होते, इतकं तरी खरं. पण त्या सकाळी पडवीत माझ्या शेजारी उकिडवं बसलं होतं ते कोण, माय की आतू, हे मला अजून ठरवता येत नाही. माय असती तर ती स्वतः रडत असती. आवाज तर शांत होता. आतू असती तर तिच्या बोटावर विळीचा वण असता. का तो वण मायच्या बोटावर होता? मी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा लावला. पडद्यावर ते बोट तसंच थांबलं होतं, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर, आणि माझं तोंड थोडं उघडं होतं.